हात सैल सोड, ताजबी

माझ्या आणि ताजबीच्या दुकानात एकच भिंत आहे, तीही फळ्यांची. माझ्या बाजूला तिच्यावर घड्याळं टांगलेली असतात, ताजबीच्या बाजूला बांगड्या. पलीकडचं बोलणं सगळं अलीकडे येतं. सदतीस वर्षं मी ते ऐकत आलो आहे. मुद्दाम कान देऊन नव्हे. डोळ्याला भिंग लावून घड्याळात मान घातली, की कानांना दुसरं काम राहत नाही.

मी लिहिणारा माणूस नाही. हे नीट उतरेल की नाही, याचीही खात्री नाही. पण एक गोष्ट वेळेवर बोलायची होती ती मी बोललो नाही आणि त्यापायी ताजबीचे हात जायची वेळ आली. बोललो नाही ते निदान लिहावं, एवढंच मनात आहे.

ताजबी मणेर. बांगड्या भरण्याचं काम तिच्या सासूचं, तिच्याही सासूचं. लग्न होऊन ती शाहूवाडीकडून कोल्हापुरात आली तेव्हा सासूनं तिला वर्षभर बांगडीला हात लावू दिला नाही म्हणे. नुसतं शेजारी बसवून गिऱ्हाइकांचे हात बघायला लावले. त्यामुळे दुकानाच्या पायरीवर बाई आली, की ताजबी बसल्या जागेवरून सांगते, "तुजी अडीच न्हाय गं, सव्वादोनची हाय. अडीचची घालशील तर कोपरापत्तुर जाईल आनि तिथनं रस्त्यावर."

काचेची बांगडी भरायची म्हणजे समोरच्या बाईचा पंजा दाबून, अंगठ्याखालचं हाड आत घेऊन, बांगडी त्यावरून सरकवायची. जोर लागतो, पण जास्त जोर लावला की काच जाते आणि हातही कापतो. हल्ली पुष्कळजणी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून काम उरकतात. ताजबीला ते आवडत नाही. तिची पिशवी म्हणजे तिचं तोंड.

"हात सैल सोड की. मी काय बेड्या घालतिया व्हय?"

"दुखतंय हो मावशी."

"अजून हात धरला न्हाय तवर दुखतंय? बरं, नवऱ्याचं नाव काय?"

"नाव कशाला?"

"अगं सांग तरी. लाजतीस का रुसलीस त्येच्यावर?"

मुलगी हसायची. आणि ती हसते आहे तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची. "भ्यालेला हात लाकूड असतोय दादा," ती मला म्हणायची. "त्येला हसवल्याबिगर वाट देत न्हाय."

भरताना एखादी बांगडी जातेच. ती 'फुटली' म्हणायची नाही, 'वाढली' म्हणायची. एरवी त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण नवरीच्या हिरव्या चुड्याची गोष्ट वेगळी. एका हातात अकरा, दुसऱ्या हातात दहा. त्या दिवशी मणेरणीला घरी बोलावतात. सगळ्या बायका भोवती बसलेल्या असतात. शेवटची बांगडी मनगटात गेली, की नवरी वाकून मणेरणीला नमस्कार करते. त्या चुड्यातली बांगडी वाढली, की बायका एकमेकींकडे बघतात.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या भाचीच्या मुलीचं, निशिगंधाचं लग्न झालं. भाची उचगावला राहते, मुलगी बिद्रीला दिली. चुड्याला ताजबीच पाहिजे, असं मीच सांगितलं होतं. रिक्षातून तिला घेऊन गेलो आणि सोप्यात खांबाला टेकून बसलो.

डाव्या हाताच्या अकरा नीट गेल्या. उजव्या हाताची तिसरी वाढली. बायका हसल्या. पाठोपाठ चौथी वाढली. मग कुणी हसलं नाही. तिच्या जागी घेतलेली दुसरीही गेली आणि निशिगंधाच्या अंगठ्यापाशी रक्ताचा थेंब आला.

निशिगंधाची आत्या अंबूबाई म्हणून आहे. तिच्या मनात आणि तोंडात अंतर नसतं. ती म्हणाली, "अगं ताजबी, तुज्या हाताला काय झालंय, का पोरीच्या नशिबालाच काय लागलंय?"

"गप गं आत्याबाई," कुणीतरी म्हटलं. पण बोलणं होऊन गेलं होतं.

ताजबीनं चुडा पुरा केला. निशिगंधा नमस्काराला वाकली तेव्हा ताजबीनं पाय मागे घेतले, नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला नाही. परतताना रिक्षात ती आपली बोटं एकेक करून वाकवून बघत होती.

"दादा, आज बोटं माजी न्हवती बगा."

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ऊन लई हाय."

आता कळतं, की दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत, हे ती महिनाभर आधीपासून कुणाला न सांगता सोसत होती. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन तिनं विचारलं, "दादा, तुमची निशिगंधा रुळली न्हवं सासरी?"

त्याच्या चार दिवस आधी निशिगंधा माहेरी आली होती. तिला दुसरा महिना संपत आला होता, थोडा त्रास झाला म्हणून डॉक्टरांनी पूर्ण आराम सांगितला होता. माझ्या बायकोनं, चिमणाबाईनं, मला उंबऱ्यात उभं करून ताकीद दिली होती, "तिसरा म्हयना सरंपत्तुर बाहेर चकार शब्द काढायचा न्हाय. दृष्ट लागती." आमच्याकडे ही रीतच आहे. जवळच्या माणसालाही तीन महिने पुरे झाल्यावरच सांगतात.

म्हणून मी म्हणालो, "माहेरी आलीया."

"सनाला व्हय?"

"न्हाय. ऱ्हायलाच आलीया."

हे खोटं नव्हतं. पण लपवाछपवी मला जमत नाही. मी मान खाली घातली असणार आणि आवाजही पडला असणार. तेवढ्यात एकजण भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला आणि मी सुटलो. ताजबीनं पुढे काही विचारलं नाही. मला बरंच वाटलं.

तिसरा महिना सरला. चिमणाबाईला वाटलं, शेजारी दुकान म्हणजे मी सांगितलं असेल. मला वाटलं, बायकांची बातमी, चिमणाबाईनं कुणाकडून तरी पोचवली असेल. आम्ही राहतो फुलेवाडीला. गुडघ्यांमुळे ती दुकानाकडे येत नाही. बातमी तिथेच राहिली.

त्या थंडीत ताजबीचं दुकान उशिरा उघडायला लागलं. तिला शटर उचलवेना. सून शाहिस्ता घरचं आवरून येईपर्यंत ती पायरीवर बसून राहायची. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरायची. बोटांच्या मुळाशी दोन्ही हातांना सारखीच सूज. अंगात कणकण. चालायला लागली की पायांचे तळवेही दुखायचे. बांगड्या शाहिस्ता भरायची, ताजबी नुसती मापं सांगायची. आणि लग्नघरचं कुणी आलं, की फळीपलीकडून एकच वाक्य यायचं, "चुड्याचं काम बंद केलंय. दुसरी बगा कोनतरी."

सगळ्यात वाईट म्हणजे तिचं बोलणं थांबलं. गिऱ्हाइकं यायची, "आई गं" म्हणायची, जायची. नवऱ्याचं नाव कुणी विचारत नव्हतं. वय झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं. वास्तविक ती माझ्याहून सतरा वर्षांनी लहान आहे.

जानेवारीत शाहिस्ता माझ्या दुकानात आली. "काका, अम्मी माजं ऐकत न्हाईत. रोज मेडिकलमधनं दुखायची गोळी आनून खात्यात. ह्ये टेंपो घिऊन शाहूवाडीला गेल्यात भातासाठी, तिथनं फोनवर वरडत्यात, पन त्यांचं बी ऐकत न्हाईत. मोठ्या डॉक्टरचा नंबर लावलाय. तुमी चला संगं. तुमी असला तर अम्मी रिक्षातनं उतरून पळायच्या न्हाईत."

संधिवाताच्या डॉक्टर वयानं तरुण होत्या. त्यांनी ताजबीचा एकेक सांधा दाबून बघितला, रक्त तपासायला दिलं आणि चार दिवसांनी परत बोलावून सांगितलं, की हा म्हातारपणाचा सांधा झिजण्याचा आजार नव्हे. रुमॅटॉइड नावाचा आमवात आहे.

"आपल्या अंगात राखणदार पेशी असतात," त्या म्हणाल्या. "बाहेरून जंतू आला की त्याच्यावर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. या आजारात त्यांना आपलं आणि परकं कळेनासं होतं. त्या आपल्याच सांध्याच्या अस्तरावर तुटून पडतात. म्हणून ही सूज."

"म्हंजे घरचाच राखनदार घरात चोरी कराय लागला?"

"चोरी नाही, तोडफोड. वेळेत आवरलं नाही तर बोटं वाकडी होतात आणि ती परत सरळ होत नाहीत."

ताजबीनं हात पदराखाली घेतले.

दुखण्याच्या गोळ्या मनानं खायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतेल, हे तीनदा सांगितलं. "वार ठरवा एक."

"जुम्मा धरा," ताजबी म्हणाली. "त्यो काय मी इसरनार न्हाय."

गुण सावकाश येईल, दोन-तीन महिने लागतील, असं त्या म्हणाल्या होत्या. तसा थोडा आलाही. मार्चमध्ये एकदा तिनं स्वतः शटर उचललं, मी आवाज ऐकला. पण आठ दिवसांत पुन्हा सूज. एप्रिलमध्ये गोळी वाढवली. पुन्हा थोडं बरं, पुन्हा तेच. लग्नसराई होती. बोळाच्या तोंडावरून बँड गेला, की ती दुकानात आत सरकून बसायची.

जून उजाडला. तपासणीला आम्ही तिघंच गेलो, ती, शाहिस्ता आणि मी. डॉक्टरांनी नवीन रिपोर्ट जुन्याशेजारी ठेवला आणि चष्मा काढला.

"गोळ्या चुकवत नाही ना?"

"एक बी न्हाय."

"मग सूज जेवढी उतरायला हवी तेवढी का उतरत नाही? झोप लागते?"

 शाहिस्ता म्हणाली, "तीन वाजता उठून बसत्यात. मी बगितलंय."

"काही काळजी आहे का मनात?"

"काय न्हाय. पोरगा कमवतोय, सून चांगली हाय."

डॉक्टर घाईत नव्हत्या. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "ऐका. काळजीमुळे हा आजार झाला, असं मी म्हणत नाही. तो कुणाला का होतो, हे आम्हालाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण आजार आधीच असला, तर काळजीनं त्याचा भडका उडू शकतो. मन घाबरलं की शरीर लढायच्या तयारीत राहतं आणि सूज आणणारे पदार्थ रक्तात वाढतात. त्यांना आवरायला एक संप्रेरक असतं, कॉर्टिसोल म्हणतात. चार दिवसांची काळजी असेल तर ते आपलं काम चोख करतं. पण महिनोन्महिने तेच चाललं, तर पेशी त्याचं ऐकेनाशा होतात."

"माज्या सासूगत," ताजबी म्हणाली. "रोज उठून वरडायची. मग कोन ऐकतंय?"

डॉक्टर हसल्या. शाहिस्ता हसली. ताजबीही हसायला लागली, आणि मी बघत होतो, हसता हसता तिचा चेहरा बदलला. सैल झालेल्या हातातून बांगडी सरकावी तसं ते बाहेर आलं.

"माज्या हातनं एका पोरीचा संसार मोडला, बाई."

शाहिस्ता खुर्चीतून पुढे झाली.

"असं कुठं असतंय, अम्मी?" शाहिस्ता म्हणाली. "कोन पोरगी?"

ताजबीनं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "ह्यांची निशिगंधा. चुडा भरताना तीन वाढवल्या मी. पाच म्हयन्यात पोरगी माहेरी आली, ती आजून हितंच हाय. उचगावच्या बायका बांगड्याला येत्यात, त्यास्नी इचारलं, हाय का गेली? हाय म्हनत्यात. म्होरचं इचारायचा धीर न्हाई झाला. दादांनी तवाच सांगितलंतं मान खाली घालून. माज्यावर राग न्हाय त्यांचा, ह्यो त्यांचा मोठेपना. पन मला दिसत न्हाई व्हय?"

 आठ महिने मी फळीच्या अलीकडे बसून होतो. सदतीस वर्षं ऐकतोय म्हणणारा मी, आणि पलीकडे काय चाललंय ते मला ऐकू आलं नव्हतं.

"ताजबी," मी म्हणालो, "ती बाळंतपणाला आलती."

"कोन?"

"निशिगंधा. दिवस गेलते. डॉक्टरनं आराम सांगितला म्हणून लवकर आली. मुलगा झालाय. महिन्याचा हाय आता."

ताजबीनं टेबलाच्या कडेवरची नजर माझ्याकडे वळवली.

"आनि सासरची मानसं?"

"येत्यात की. नवरा दर रविवारी बिद्रीहून येतोय. सासू डिंकाचं लाडू घिऊन आलती. तीच म्हणाली, पावसाचा जोर ओसरू दे, मग नेतो."

"मग मला का सांगितलं न्हाईसा?"

"तीन महिने सांगायचं नव्हतं."

"आनि म्होरचं सात म्हयनं?"

 डॉक्टर उगीचच रिपोर्ट वाचायला लागल्या. शाहिस्तानं ओढणी तोंडात धरली होती, पण खांदे हलत होते. आणि मग ताजबीला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सुजलेल्या हातानं तिनं माझ्या दंडावर एक चापट मारली आणि "आई आई" करत हात झटकला.

"दादा, लोकं बोलून मारत्यात. तुमी गप बसून मारताय!"

"चुकलं माझं," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

"हसा, रडा, काय ते करा," डॉक्टर म्हणाल्या, "पण जुम्म्याची गोळी चुकवायची नाही. उद्या सकाळी बोटं मोकळी झाली असं वाटलं तरी नाही. बातमीनं सांध्याचं औषध होत नाही."

"अवो बाई, गोळी बी घेते आनि बातमी बी," ताजबी म्हणाली.

घरी जाऊन मी चिमणाबाईला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी तीन म्हयनं म्हटलंतं. जल्मभर न्हवं."

बिद्रीला जायच्या आदल्या दिवशी निशिगंधा बाळाला घेऊन ताजबीच्या दुकानात आली, त्याला दृष्टीच्या काळ्या बांगड्या भरायला. मीच तिला यायला सांगितलं होतं. मी माझ्या बाजूला होतो.

"मावशी, त्या दिवशी मला किती लाज वाटली म्हाईत हाय?" तिचा आवाज आला. "तुमच्या तीन बांगड्या माज्यामुळं गेल्या. कॉलेजात कबड्डी खेळताना ह्यो उजवा अंगठा निखळलावता. तवापासनं हाड हितं वर आलंय, कुठलीच बांगडी धड जात न्हाई. आईला बी म्हाईत न्हाई. सांगितलं असतं तर कबड्डी बंद केली असती तिनं."

"आनि मला तवाच सांगायला काय झालतं?"

"नवरीनं मधीच बोलायचं असतंय व्हय? सगळ्या बघत हुत्या. मी गप बसले."

 मग फळीवर दोन ठोके पडले.

"दादा, ऐकताय न्हवं? तुमचंच रगत हाय ह्ये!"

त्या दिवशी तिची बोटं दुखत होती, की निशिगंधाचं हाड आड आलं, की दोन्ही, हे आता कुणाला सांगता येणार नाही. पण दोघी वर्षभर आपापल्या घरी स्वतःलाच दोष देत बसल्या होत्या, हे खरं.

गणपती झाल्यावरच्या रिपोर्टमध्ये सूज बरीच उतरली होती. डॉक्टरांना स्वतःहून काही विचारायचं मला जड जातं, पण त्या दिवशी विचारलं, "हा गुण गोळीचा, का बातमीचा?"

त्या म्हणाल्या, "वाढवलेली गोळी पुरती लागू पडायला कधी कधी एवढा वेळ लागतो, हे आधी सांगते. बातमीनंही मदत केली असणार. झोप लागायला लागली, दुखणं कमी जाणवायला लागलं, हात चालता राहिला. कशाचा वाटा किती, हे मला मोजून सांगता येणार नाही. आजार अंगात आहेच, तो गेलेला नाही. पण आता तो गप्प आहे."

उजव्या हाताची दोन बोटं थोडी वाकडी राहिली ती राहिलीच. काही सकाळी अजून शाहिस्तालाच शटर उचलावं लागतं. पण गिऱ्हाइकांना पुन्हा नवऱ्यांची नावं विचारली जायला लागली. मी घड्याळात मान घालून ऐकायचो आणि माझं काम चांगलं व्हायचं.

चुडे मात्र ती भरत नव्हती. तेवढं एक राहिलं होतं.

मार्गशीर्षात माझ्या नातीचं, संयोगिताचं लग्न ठरलं. चिमणाबाईनं निरोप पाठवला. ताजबीनं उलट निरोप दिला, शाहिस्ताला पाठवते. दोन दिवस मी विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी भिंग काढून ठेवलं, दुकानातून उतरलो, तिच्या पायऱ्या चढलो आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. सदतीस वर्षांत त्या स्टुलावर मी कधी बसलो नव्हतो.

"काय, दादा? बांगड्या भरायच्यात?" ताजबी म्हणाली.

"संयोगिताचा चुडा तू भरायचास."

"आनि वाढली म्हंजे?"

"वाढली तर वाढली. निशिगंधाच्या तीन वाढल्या. पोरगं तीन किलोचं झालं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू घड्याळच बोललं. शाहिस्ता मागे बांगड्या लावत होती, ती तशीच थांबली. ताजबीनं उजवा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली.

"सकाळी जमायचं न्हाय," ती म्हणाली. "दुपारी बाराला ठेवा. तवर बोटं उघडत्यात."

चिमणाबाईनं सगळा कार्यक्रम दुपारवर ढकलला. आधी जेवणं, मग चुडा. पाव्हण्यांनी नाकं मुरडली, तिनं तिकडे बघितलंही नाही.

मी दाराशी उभा होतो. बायकांनी गच्च भरलेली खोली, मधे चटईवर संयोगिता आणि तिच्यासमोर ताजबी. शेजारी शाहिस्ता, बांगड्या पुसून हातात देणारी. अंबूबाईही आली होती, पुढच्याच रांगेत. पहिल्या सहा गेल्या. सातवीला कट्ट असा आवाज झाला.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.  ताजबीनं काचेचा तुकडा उचलून ताटलीत ठेवला, संयोगिताचं मनगट उलटसुलट करून बघितलं, कुठे लागलं नव्हतं. मग मान वर करून म्हणाली, "वाढली एक. अंबूबाई, काय बोलायचं त्ये बोलून घ्या, मग म्होरची घालते."

"मी कुठं काय बोलले?" अंबूबाई म्हणाली. "माजं तोंड पानानं भरलंय!"

"म्हनूनच वाचलो आमी!"

सगळी खोली हसली, अंबूबाईसुद्धा. संयोगिताही मान मागे टाकून हसली आणि तेवढ्यात सातवी मनगटात गेली होती. तिला कळलंही नाही.

बाकीच्या नीट गेल्या. मधे दोनदा ताजबी थांबली, बोटं चोळली, पाणी प्याली. कुणी घाई केली नाही. शेवटची गेल्यावर संयोगिता नमस्काराला वाकली. ताजबीनं पाय मागे घेतले नाहीत. त्या दोन वाकड्या बोटांसकट हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

परतताना रिक्षात मी पुढे बसलो होतो, सासू-सून मागे. रंकाळ्यावरून वारा येत होता. ताजबी बोटं एकेक करून वाकवत होती, ते मला आरशात दिसत होतं.

"दादा, आज बोटं माजीच हुती बगा."

हवेबद्दल काहीतरी माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं.

"व्हय," मी म्हणालो. "मी बगत हुतो. एकवीसच्या एकवीस गेल्या."

"बावीस म्हना," ती म्हणाली. "वाढलेली बी मीच घातलीती की."